लिथियमशी कुणाचं पटतं?

२०११ साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या र्‍योजी कान्नो यांच्या गटानं लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचा एक स्फटिक जाहीर केला. नाव एलजीपीएस. घन असूनही त्यातून लिथियमचे आयन बॅटरीतल्या द्रवाच्या तोडीस तोड वेगानं धावतात. वाहकता दर सेंटीमीटरला १२ मिलिसीमेन्स, तीही खोलीच्या तापमानाला. शिवाय ५ व्होल्टपर्यंत तो टिकतो, असं मोजणीत दिसलं. आम्हा घन इलेक्ट्रोलाइटवर काम करणाऱ्यांना आणखी काय हवं होतं!

२०१५ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या यीफेई मो यांच्या गटानं हिशेब मांडला. हा स्फटिक फुटून जे जे पदार्थ होऊ शकतात, त्यांची एकूण ऊर्जा स्फटिकापेक्षा कमी भरली, तर उष्मागतिकीचा कौल फुटण्याकडेच जातो. लिथियमच्या सापेक्ष एलजीपीएसच्या स्थैर्याचा पट्टा निघाला जेमतेम १.७ ते २.१ व्होल्टचा. बॅटरीला लागतो शून्यापासून चारच्या पुढचा. मग आधीची मोजणी? तीत सपाट धातूचा पत्रा टेकवला होता, त्यामुळे विघटनाला जागाच थोडी मिळाली. पुढे भुकटीत कार्बन मिसळून मोजल्यावर विघटन उघड झालं.

पण फुटणं म्हणजे लगेच निकाल लागणं नव्हे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यावरही ऑक्साइड चढतो, पण तो पातळ थर खालच्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज मात्र आत आत खात जातो. ओक रिज प्रयोगशाळेत घडलेला लिपॉन हा पदार्थ लिथियमला टेकताच फुटतो, पण तयार होणारा थर आयनांना वाट देतो आणि इलेक्ट्रॉन अडवतो. प्रक्रिया तिथंच थांबते. एलजीपीएसमधून सल्फाइड, फॉस्फाइड यांच्या जोडीला लिथियम-जर्मेनियमचा मिश्रधातूही निघतो. तो इलेक्ट्रॉन वाहतो, म्हणून क्षय चालूच राहतो. वाहकतेचा आकडा झळकवणाऱ्या बातम्यांत हा मिश्रधातू कधी दिसत नाही, याची मला खंत वाटते.

माझा जीव गार्नेटवर आहे. रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई आणि वेर्नर वेप्नर यांनी २००७ मध्ये मांडलेला लिथियम, लँथॅनम, झिर्कोनियमचा हा ऑक्साइड. हिशेबानं तोही लिथियमसमोर पूर्ण स्थिर नाही, पण फुटायची ओढ इतकी क्षीण, की व्यवहारात तो टिकतो. त्याचं वैर हवेशी. उघड्यावर ठेवलेल्या चकतीवर ओल आणि कार्बन डायऑक्साइडमुळे लिथियम कार्बोनेटचा थर चढतो. अशा चकतीवर वितळलेलं लिथियम ठेवलं, तर ते थेंबासारखं गोळा होऊन बसतं, पसरायचं नाव घेत नाही. मग आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, रबरी हातमोज्यांतून, ती चकती मी पॉलिश पेपरवर घासते आणि तापवते. थर नीट निघाला असेल, तर तेच लिथियम चकतीला चिकटून पसरतं.

ही झाली लिथियमची बाजू. धन ध्रुवाकडे सल्फाइड इलेक्ट्रोलाइट वेगळ्या कारणानं फुटतात. तिथं कॅथोडच्या कणांवर लिथियम नायोबेटचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप देतात.