आधी हवा, मग पाणी : जुन्या नगरच्या नळांच्या चटपटीत गोष्टी

माळीवाडा, तोफखाना, नालेगाव, झेंडीगेट. नगरच्या या भागांत जुन्या घरात राहणाऱ्याला एक आवाज झोपेतही ओळखू येतो. आधी तोटी फुसफुसते, मग खोकते, मग दोन-तीन पिचकाऱ्या लाल पाणी टाकते आणि मग कुठे धार लागते. पाणी दिवसाआड येणार, त्यात मुळा धरणावरच्या पंपांची वीज गेली की आणखी लांबणार. पाणी आलं की सगळं घर हंडे-बादल्या घेऊन धावतं. जुने सांधे दगा देतात तेही बऱ्याचदा याच घटकेला. त्यामागे विज्ञान आहे, इतिहास आहे आणि थोडी गंमतही आहे.

नगरचे नळ पाचशे वर्षांच्या घरात

मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये हे शहर वसवलं. आता कागदोपत्री ते अहिल्यानगर झालं, पण बोलताना नगरच. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या गावांकडून शहरात पाणी आणलं गेलं ते खापरी नळांनी. हे भाजक्या मातीचे नळ एकात एक बसवलेले, सांधे चुन्याने बुजवलेले आणि वरून बांधकामाचं कवच चढवलेलं. पंप नाही, वीज नाही. उतार तेवढा अचूक साधायचा आणि बाकीचं काम पाण्यावर सोपवायचं. तळ्याच्या मधोमध उभा असलेला फराहबाग महाल १५८३ मध्ये पुरा झाला, त्याचा थाटही याच पाणीव्यवस्थेवर चालला. इंग्रजी अमलात, १८५४ मध्ये नगरपालिका आल्यावरही हे नळ शहराला पाणी देत होते.

आता आपल्या भिंतीतल्या पाइपाचा हिशोब बघा. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, म्हणजे जीआय, साधारण चाळीस-पन्नास वर्षं नीट चालतो. मातीने तीन-तीन शतकं काढली तिथे लोखंडाचं आयुष्य दोन पिढ्यांचं. मात्र खापरी नळाला आतून फारसा दाब सोसावा लागत नव्हता. आपला पाइप दाब सोसतो, म्हणूनच पाणी पहिल्या मजल्यावर चढतं आणि म्हणूनच तो फुटतोही.

हवेसाठी मनोरे

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर-ए-अंबरी बांधली. त्या नळांच्या वाटेवर जागोजागी मनोरे उभे केले होते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी आलं, त्या वाटेवरही असेच उच्छ्वास आहेत. काम एकच : नळात कोंडलेली हवा बाहेर सोडायची, दाब मोडायचा, गाळ बसू द्यायचा. त्या कारागिरांना पुरतं ठाऊक होतं की नळयोजनेत पाण्याइतकीच हवा सांभाळावी लागते.

आपण घरं बांधताना हे विसरलो. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पाइपात हवा भरते. पाणी सुटलं की ते या हवेला पुढे ढकलतं. हवा हलकी, ती उघड्या तोटीतून सपाट्याने निसटते आणि मागचं पाणी त्याच वेगाने धावत येतं. तोटीच्या अरुंद भोकाशी आलं की एकदम अडतं. धावत्या मालगाडीचं इंजिन अचानक थांबावं आणि मागचे डबे एकामागून एक आपटावेत, तसा धक्का पाइपात मागे जातो. भिंतीत ‘धाड धाड’ ऐकू येतं ते हेच.

हा धक्का केवढा असतो, ते निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून मांडलं. (हाच माणूस पुढे रशियन विमानशास्त्राचा जनक म्हणून ओळखला गेला.) पाण्याचा वेग सेकंदाला फक्त एक मीटर असला आणि ते एका झटक्यात थांबलं, तर लोखंडी पाइपात दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोहून जास्त दाब क्षणभर उसळतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा फूट उंच असेल तर तिचा दाब किती? पाव किलोहून थोडा जास्त. म्हणजे रोजच्या दाबाच्या तीस-पस्तीस पट धक्का, आणि तो बसतो आजोबांच्या काळातल्या सांध्याला.

उपाय फुकटचा आहे. पाणी यायच्या वेळी घरातली सगळ्यांत उंचावरची तोटी थोडीशीच उघडी ठेवा. हवा सावकाश निघून जाऊ द्या, धार एकसारखी झाली की मग तोटी पूर्ण सोडा. आणखी एक : पाव फेऱ्यात बंद होणारे नवे चकचकीत नळ जुन्या पाइपावर हळूच फिरवा. आट्यांचा जुना पितळी नळ चार फेऱ्यांनी बंद व्हायचा, त्यामुळे पाण्याला थांबायला वेळ मिळायचा.

अर्धा इंच नावालाच

हार्डवेअरच्या दुकानातून ‘अर्धा इंची’ जीआय पाइप आणा आणि मोजपट्टी लावा. बाहेरून भरतो २१.३ मिलिमीटर, आतून सुमारे १६. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ते माप या पाइपावर कुठेच सापडत नाही! जुन्या काळी लोखंडी पाइपाच्या भिंती जाड असत आणि आतलं भोक नावाप्रमाणे अर्ध्या इंचाच्या आसपास असे. पुढे भिंती पातळ झाल्या, पण बाहेरचं माप बदललं असतं तर जुने आटे जुळले नसते. म्हणून बाहेर तेवढंच ठेवलं, आत जागा वाढली आणि नाव तेच राहिलं.

आट्यांचीही मौज आहे. या पाइपावर एका इंचात बरोबर १४ आटे असतात आणि त्यांच्या खाचेचा कोन ५५ अंशांचा असतो. हा कोन इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवला. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला कोन आजही आपल्या मोरीत मुक्कामाला आहे, आणि म्हणूनच आज घेतलेली तोटी साठ वर्षांपूर्वीच्या पाइपाला निमूट बसते.

गळती नेहमी आट्यांतच का?

कारण आटे पाडताना दोन गोष्टी एकदम होतात. जस्ताचा मुलामा खरवडला जातो आणि पाइपाची भिंत तिथे बरीच पातळ होते. उघडं आणि बारीक लोखंड, त्याला ओलावा. गंजाला याहून सोयीची जागा कोणती? जुने प्लंबर तिथे सफेदा लावून ताग गुंडाळायचे. ताग ओला झाला की फुगतो आणि फट भरून काढतो. नवे टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळतात. हे टेफ्लॉन १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना अपघातानेच सापडलं. ते फ्रीजसाठीच्या वायूवर काम करत होते. एका नळकांड्यातून वायू बाहेर येईना, म्हणून ते कापलं तर आत गुळगुळीत पांढरी पूड!

धार का बारीक होते?

गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यामुळे पाइप झिजतो तेव्हा आतून मोठा होत नाही, उलट गंजाच्या गाठींनी कोंदतो. जुना पाइप कापला की आत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं दिसतं. भोक निम्मं झालं तर पाणी किती येईल? निम्मं वाटतं, विचार करणारा चौथा हिस्सा म्हणेल. प्रत्यक्षात येतो साधारण सहावा हिस्सा. म्हणून धार बारीक झाल्यावर मोठी मोटर घेण्याआधी तेवढा तुकडा कापून बघावा.

त्यातही टिल्लू पंप थेट नळाला जोडणं फार वाईट. हा पंप पाणी ओढतो तेव्हा पाइपात दाब उणा होतो. गंजलेल्या पाइपाला बारीक भोकं असतील आणि शेजारून गटार जात असेल, तर गटाराचं पाणी त्या भोकांतून आत शिरतं. पुरवठा बंद झाल्यावर रिकाम्या होत जाणाऱ्या पाइपातही हेच घडू शकतं. म्हणून जुन्या गल्लीत पहिलं लाल किंवा वास मारणारं पाणी पिण्यासाठी भरू नका, मग घाई कितीही असो. टिल्लू लावणाऱ्याचा त्रास त्याच्या एकट्याच्या घरी राहत नाही, पुऱ्या गल्लीच्या हंड्यात उतरतो.

रात्री दोनला पाइप फुटला तर

जोराने गळणारा अर्धा इंची पाइप १,००० लिटरची टाकी अर्ध्या-पाऊण तासात रिकामी करू शकतो. म्हणजे प्लंबर उठून, चपला घालून, स्कूटरला किक मारून येईपर्यंत सगळं पाणी घरात.

पहिलं काम विजेचं. ओल्या भिंतीत वायर असते, म्हणून मेन स्विच बंद करा. त्यात मोटर आणि गिझर आलेच. दुसरं काम चावीचं. गच्चीवर टाकीच्या बुडाशी एक आणि महानगरपालिकेच्या जोडणीवर एक अशा दोन चाव्या बहुतेक घरांत असतात. कुठली कशाची, हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असायला हवं. चावी वर्षानुवर्षं फिरवलेली नसेल तर ती जाम झालेली असते. तिला पान्याने हिसका दिला की आतला दांडा तुटतो आणि चावी कायमची उघडी राहते. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, अशी हळूहळू सैल करा. तरीही हटली नाही तर टाकीत हात घालून बुडाच्या भोकात कापडाचा बोळा घट्ट बसवा. पाण्याचाच दाब त्याला जागेवर धरून ठेवतो.

मग घरातली सगळ्यांत खालची तोटी उघडा, म्हणजे पाइपात उरलेलं पाणी भिंतीऐवजी बादलीत उतरेल. फुटलेल्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची आणि वरून तार किंवा क्लॅम्प आवळायचा. रात्र निभते. एम-सीलसारखी लांबी लावायची तर पाइप आधी कोरडा करून, गंज घासून मगच. ओल्या गंजावर ती धरत नाही.

वाड्यात राहणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. जुन्या वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, आणि वाडे बांधले तेव्हा पाणी चौकातल्या आडातून यायचं. नळ मागाहून आले, भिंती खोदून बसवले गेले. पांढरी माती कोरडी असेपर्यंत मजबूत असते. भिजली की तिचा चिखल होतो. सिमेंटच्या घरात गळती म्हणजे डाग. वाड्यात गळती म्हणजे भिंतीला धोका. तिथे ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालत नाही.

पिंपळाची चुगली

भिंतीतून पिंपळाचं रोप डोकावलं की लोक ते उपटून टाकतात. जरा थांबा, ते काहीतरी सांगतंय. पक्ष्याच्या विष्ठेतून बी तर कुठल्याही फटीत पडतं, पण नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात तग धरतं ते ओल मिळेल तिथेच. मे महिन्यात पिंपळ हिरवागार असेल, तर त्याच्या मागचा पाइप नक्की तपासा.

मोरीला वास? घड्याळजीला विचारा

वापरात नसलेल्या मोरीतून उन्हाळ्यात गटाराचा वास येतो. चोकअप झालंय असं समजून लोक अॅसिड ओततात. बहुतेक वेळा एक तांब्या पाणी पुरतं. मोरीखालच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि तेच गटाराच्या वायूला दार लावून धरतं. उन्हाने ते आटलं की दार उघडं. वाकड्या पाइपाची ही युक्ती १७७५ मध्ये पेटंट करून घेतली अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या स्कॉटिश घड्याळजीने. महिनाभर गावाला जाणार असाल तर मोरीत पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडा. तेलाचा थर पाणी आटू देत नाही.

उलटी खोड

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. बोअरच्या जड पाण्यातला क्षार उलटा वागतो, पाणी तापलं की तो बाहेर पडून चिकटतो. म्हणून आधी कोंदतो गिझर आणि गरम पाण्याचा पाइप. शॉवरच्या जाळीवरचा पांढरा थर लिंबाच्या रसात रात्रभर बुडवून ठेवला की सुटतो. तसंच साधा पीव्हीसी पाइप गिझरला कधीच जोडू नये, साठ अंशांच्या पुढे तो मऊ पडतो. गच्चीवर उन्हात उघडा राहिला तर ठिसूळ होतो, तिथे त्याला रंग द्यावा.

थेंबाचा हिशोब

सेकंदाला एक थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरहून जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या पुढे. हे पाणी राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून उपसून विळदला येतं, तिथून वसंत टेकडीच्या टाक्यांत चढतं आणि मग आपल्या गल्लीत उतरतं. एवढा प्रवास करून आलेलं पाणी पाच-दहा रुपयांच्या वायसरपायी मोरीत जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गळती दिसत नसेल तर रात्री झोपताना टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका. फ्लश न करता पंधरा मिनिटांत भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलेलं आहे. जमिनीखालच्या गळतीसाठी जाणकार माणूस रात्री लोखंडी सळई पाइपावर टेकवून तिच्या टोकाला कान लावतो. दिवसा रिक्षा, कुकर आणि टीव्ही यांच्या गलक्यात जे ऐकू येत नाही ते रात्री दोनला स्पष्ट ऐकू येतं, आणि नेमकी कुठली फरशी उचलायची ते ठरतं.