बर्फातलं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं कॅम्पर व्हॅनवाल्याचं चाकांवर. निजायला बाक, शेगडी, पाण्याची टाकी, हीटर, सगळं बरोबर. नॉर्वेच्या हिवाळ्यात मी अशी गाडी चालवतो म्हटलं की लोक रस्त्याचीच चौकशी करतात. खरी काळजी असते ती मुक्कामाची.

तरी आधी रस्ता. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि ओझं मात्र मागे असतं. चढावर भार आणखी मागे जातो, पुढची चाकं हलकी पडून बर्फावर नुसती गरगरतात. म्हणून जड सामान शक्यतो पुढे आणि खाली ठेवायचं. साखळ्या लावायच्या त्याही इंजिन फिरवतं त्याच चाकांना. त्याचा सराव घरीच करावा, अंधारात गारठलेल्या बोटांनी नव्हे.

हार्डांगरविद्दा पठारावरचा ७ क्रमांकाचा रस्ता सुमारे १,२५० मीटर उंचीवरून जातो. वादळात तिथलं फाटक बंद होतं आणि बर्फ लोटणाऱ्या यंत्रामागे गाड्यांचा तांडा सोडतात. पुढच्या गाडीचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, तांडा थांबला तरी गाडी सोडून जायचं नाही. तयारी अपुरी दिसली तर तांड्यात घेतही नाहीत. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो.

आता ऊब. माझा हीटर गॅसवर चालतो. आपल्या घरच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. पारा शून्याखाली गेला की ब्यूटेनचा वायूच होत नाही; सिलिंडर हलवला तर आत द्रव खळखळतो, पण शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. म्हणून हिवाळ्यात प्रोपेनच हवा. डिझेलचीही तीच गत. उन्हाळी डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं, फिल्टर तुंबतो. टाकी रिकामी करत जावं आणि थंड मुलखात पोचल्यावर तिथलं हिवाळी डिझेल भरावं.

सगळ्यात वाईट धोका मुका असतो. रात्री पडलेल्या बर्फानं हीटरचं धुराडं बुजलं, की कार्बन मोनॉक्साइड आत साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस झोपेतच जातो. गार वारा येतो म्हणून खालच्या झरोक्यात फडकी कोंबणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो झरोका हवेसाठीच ठेवलेला असतो! उबेसाठी शेगडी पेटती ठेवणंही तितकंच घातक. निजण्यापूर्वी मी विषारी वायूची सूचना देणारा गजर तपासतो. बर्फ पडत असेल तर मध्यरात्री उठतो, जाकीट चढवतो आणि लांब दांड्याच्या झाडूनं धुराडं मोकळं करून येतो.