वर्सोवा ते घाटकोपर: एका माहितीपटाचं अंतर

मी मुलुंडला राहतो आणि नोकरी अंधेरीत. मुलुंड ते घाटकोपर लोकल, तिथून पुढे मेट्रो. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, त्याआधी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बसच्या दांड्याला लटकून माझं निम्मं तारुण्य गेलं. आता वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंतची बारा स्थानकं साधारण २१ मिनिटांत उरकतात. वाचलेल्या वेळाचं लोक काय करतात ते डब्यात दिसतंच. प्रत्येकाचा अंगठा रीलवर चाललेला असतो. अंगठा मीही चालवायचो. मग एकदा कंटाळून एक जुना सरकारी माहितीपट लावला आणि स्थानक आलं तेव्हा तो बरोबर संपला.

हा योगायोग वाटला, पण पुढे वाचताना त्याचा धागा सापडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, ब्रिटिश सरकारनं देशातल्या चित्रपटगृहांवर सक्ती केली की प्रत्येक खेळात २००० फूट सरकारमान्य फिल्म दाखवायचीच. ३५ मिलिमीटरच्या फितीवर २००० फूट म्हणजे जवळपास २२ मिनिटं. १९४६ मध्ये ही सक्ती गेली. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि स्वतंत्र भारताच्या सरकारनं ती सक्ती नव्यानं आणली. माहितीपटाला ठरवून दिलेली लांबी आणि आजची मेट्रोची फेरी, दोन्ही जवळजवळ सारख्याच भरतात.

ज्यासाठी आपण उशिरा जायचो

माझ्या पिढीला माहितीपट म्हणजे 'न्यूज रील' एवढंच ठाऊक. "घाई नको, आधी न्यूज रील असते," असं म्हणत वडील थिएटरबाहेर निवांत सुपारी कातरत उभे राहायचे. धरण, ट्रॅक्टर, मंत्र्यांच्या हातातली कात्री आणि वरून तो घनगंभीर आवाज! मराठीनं नावंही अशी ठेवली की माणूस आधीच सावध व्हावा. एकात बोध म्हणून अनुबोधपट, दुसऱ्यात माहिती म्हणून माहितीपट. पाहायला बसायच्या आधीच शाळेचा वर्ग भरल्यासारखं वाटतं.

पण पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनच्या इमारतीत, सरकारच्याच पैशानं, काही माणसं चक्क वेगळं काही करत होती. साठच्या दशकाच्या मध्यावर ज्याँ भावनगरी सल्लागार म्हणून आले आणि त्यांनी तरुण दिग्दर्शकांना मोकळं रान दिलं. त्या हवेत एम. एफ. हुसेन यांनी राजस्थानात 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' (१९६७) केली आणि बर्लिन महोत्सवात लघुपटांचं सुवर्ण अस्वल मिळवलं. एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम ट्वेंटी' (१९६७) केली. पंधरा ऑगस्ट १९४७ च्या आसपास जन्मलेल्या मुलामुलींना गाठून त्यांनी देशाबद्दल, स्वप्नांबद्दल विचारलं. सगळीच उत्तरं सरकारला आवडतील अशी नाहीत आणि तरीही ती सरकारनंच दाखवली. फिल्म २० मिनिटांच्या आसपास आहे. पहिली शिफारस हीच. घरात विशीतलं कुणी असेल तर त्याला शेजारी बसवून पाहा. नोकरीबद्दलची निम्मी वाक्यं तुमच्या घरातलीच वाटतील.

दुसरी शिफारस प्रमोद पतींची 'एक्स्प्लोरर' (१९६८). जेमतेम सात मिनिटांची, निवेदन शून्य. नाचणारी पोरं, यंत्रं, मंत्र, चिन्हं अशा वेगानं आदळतात की आजचं रील त्यापुढे संथ वाटावं. अंधेरीला लावली तर मरोळ नाक्याच्या आत संपते आणि असल्फापर्यंत डोकं भणभणतं. शास्त्रींचीच 'अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स' (१९६८) ही लघुपट करणाऱ्या माणसानं स्वतःच्या धंद्याची केलेली थट्टा आहे. तीही याच माळेतली.

फिल्म्स डिव्हिजनचा साठा आठ हजारांहून अधिक फिल्म्सचा. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पण तिच्या यूट्यूब वाहिनीवर आलेला खजिना फुकट पाहता येतो. एकेकाळी जो चुकवायला आपण उशिरा जायचो, तो आज कुणी सक्ती न करता खिशात आहे.

उपनगराला आरसा कुणी दाखवला?

हिंदी सिनेमा जन्मला कुठेही असो, वाढला उपनगरात. बॉम्बे टॉकीज १९३४ मध्ये मालाडला उभी राहिली, फिल्मिस्तान १९४३ मध्ये गोरेगावात, चित्रनगरी १९७७ मध्ये तिथंच. अंधेरीत तर दर दुसऱ्या गल्लीत एडिटिंगचं दुकान. पण पडद्यावर मुंबई म्हटली की मरीन ड्राइव्ह, गेटवे, फार तर वांद्र्याचा समुद्र. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंड बृहन्मुंबईत आले, पण सिनेमात यायचे राहिलेच. सोसायटी, नाका, झोपडपट्टी, लोकलचा डबा ही आपली खरी वस्ती, आणि ती सापडते माहितीपटात. या लेखातल्या पुढच्या शिफारशी त्याच कारणासाठी.

बोरिवलीपासून सुरुवात करू. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त महिलांसाठी उपनगरी गाडी सुरू झाली, जगातली अशी पहिली. निधी तुली यांची 'लेडीज स्पेशल' (२००३) ही पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टसाठी केलेली अर्ध्या तासाची फिल्म त्या गाडीत चढते. भाजी निवडणं, वाढदिवस, भांडणं, गाणी. घर आणि ऑफिस यांच्या मधला तेवढाच काय तो बायकांचा स्वतःचा वेळ. माझ्या बायकोनं पाहून एवढंच म्हटलं, "यात नवीन काय?" तिच्या दृष्टीनं ते रोजचंच होतं, आणि मला मात्र त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

बोरिवलीचीच दुसरी, 'लव्हली व्हिला'. वास्तुरचनाकार रोहन शिवकुमार बोरिवलीच्या एलआयसी कॉलनीत वाढले. ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. कोरिया म्हटलं की आपल्याला पेडर रोडची कांचनजंगा आठवते. पण नोकरदार कुटुंबांना हवा, गच्ची, अंगण कसं द्यायचं याचं गणित त्यांनी बोरिवलीतही मांडलं होतं. शिवकुमार आपल्या घराकडे, आईवडिलांकडे आणि त्या काळातल्या भारताच्या स्वप्नाकडे एकाच वेळी पाहतात. पुनर्विकासाच्या नोटिसा हातात घेऊन बसलेल्या प्रत्येक सोसायटीनं वार्षिक सभेआधी ही फिल्म दाखवावी. तिचे छायालेखक अविजित मुकुल किशोर यांची 'व्हर्टिकल सिटी' (२०११) लगोलग पाहा. झोपड्या हटवून उभ्या केलेल्या पुनर्वसनाच्या टोलेजंग इमारतींत लिफ्ट, पाणी आणि अंधारे जिने यांचं काय होतं, ते ती दाखवते. स्वप्न कसं आखलं आणि कसं बांधलं गेलं, ते दोन्ही मिळून कळतं.

अंधेरी-कुर्ला पट्ट्यात विमानतळाच्या कुंपणाला लागून जरीमरी आहे. सुरभी शर्मा यांची 'जरी मरी: ऑफ क्लॉथ अँड अदर स्टोरीज' (२००१) गिरण्या बंद पडल्यावर काम कुठे गेलं याचा माग काढत तिथल्या शिलाई यंत्रांपाशी पोचते. डोक्यावरून विमान जातं, खाली तुकड्याच्या भावानं कपडा शिवला जातो. ७५ मिनिटांची आहे, पण मेट्रो साकी नाक्यावरून जाताना खिडकीबाहेर जे छप्पर दिसतं त्याखाली काय चाललंय ते एकदा तरी पाहावं.

लोकलनं गिरणगावातून जाणाऱ्या मुलुंडकरांसाठी 'साचा' (२००१), दिग्दर्शन अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांचं. दोघेही तेव्हा देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत अध्यापक होते. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन या दोघांच्या नजरेतून गिरणगाव. ४९ मिनिटं. मी ती स्लो लोकलमध्ये पाहिली आणि करी रोडला मान वर केली. पडद्यावर धुराडं होतं, खिडकीत काचेचा टॉवर.

लांबीचा नियम मोडून

आणि आता सगळ्यात मोठा अपवाद. घाटकोपरला पूर्व द्रुतगती मार्गालगत माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानं जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचा जीव गेला. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधल्या आपल्या झोपडीत जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांनी त्यांचा आवाज आधीच टिपलेला होता. झोपड्या पाडण्यावरच्या 'हमारा शहर' (१९८५) मध्ये घोगरे गातात. त्या मित्राच्या शोधात पटवर्धन चौदा वर्षं चित्रण करत राहिले आणि 'जय भीम कॉम्रेड' (२०११) झाली. १९९ मिनिटं. तिला फेऱ्यांमध्ये तोडू नका, एखादा रविवार द्या. मी मुलुंडला जन्म काढला, पण घोगरे इथले हे मला फिल्मनं सांगितलं, शेजाऱ्यांनी नाही.

शोधायचं कुठे, पाहायचं कसं

२००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली, त्या वादातून दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवला. थिएटर नाही, टीव्ही नाही, मग खोलीत पडदा लावू, ही ती वृत्ती. इंटरनेटवरचा माहितीपट तिचाच वारस आहे. पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टची वाहिनी, २००८ पासूनचं 'पॅडमा' हे चित्रणांचं खुलं संग्रहालय, आणि पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं 'पारी' हे ग्रामीण भारताचं संकेतस्थळ, ही तीन दारं ठोठावाच. 'पारी'वर मराठी मजकूर आहे आणि हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा साठा. मुळशीतल्या बायका जात्याशी बसून गातात त्या छोट्या चित्रफिती मी आईला दाखवल्या. ती फोनकडे बघेना, डोळे मिटून पुढची ओळ म्हणू लागली.

पाहताना पथ्य एकच: वेग वाढवू नका. मणी कौल यांची 'अरायव्हल' (१९८०) पाहा, वीसेक मिनिटांची. शहरात येणारा भाजीपाला, जनावरं आणि मजूर. निवेदन जवळजवळ नाहीच. कॅमेरा नाक्यावर कामाची वाट बघणाऱ्या माणसांवर थांबतो, तेव्हा आपल्यालाही थांबावं लागतं. तेच दीडपट वेगानं पाहिलं तर फक्त बाजार दिसतो, वाट बघणं दिसत नाही.

गेल्या वर्षी आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. शेवटच्या गणपतीत खालच्या मजल्यावरच्या मुलानं फोनवर अकरा मिनिटांची फीत काढली: आरती, गॅलरीतल्या कुंड्या, गंजलेल्या लेटरबॉक्सवरची नावं. ना संगीत, ना निवेदन. ग्रुपवर टाकताच पहिला प्रतिसाद दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंचा आला: "अरे, आमच्या बाजूचा जिना नाही घेतलास?"

जिना तोवर पाडून झाला होता.