पावलागणिक उजेड

बंगळूरुत बनशंकरीहून मेट्रोने लालबागला उतरलं की विल्सन गार्डन फार लांब नाही. समकालीन नृत्य आणि डिजिटल तंत्रज्ञान यांची गाठ घालणाऱ्या भारतातल्या पहिल्या काही संस्थांपैकी एक, अट्टकलरी, इथेच नावारूपाला आली. तिचे संस्थापक जयचंद्रन पालाळी भौतिकशास्त्र शिकलेले. पुढे भरतनाट्यम, कळरीपयट्टू आणि लंडनमध्ये समकालीन नृत्य. त्यांच्या ‘क्रोनोटोपिया’ या नृत्यप्रयोगाला आधार होता ‘शिलप्पदिकारम’ या तमिळ महाकाव्याचा, कण्णगीच्या पैंजणाच्या कथेचा. त्यातल्या प्रकाश-दृश्यांमागे होते जर्मन कलावंत ख्रिस झिग्लर. नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथ यांचा नृत्यविचार उलगडणारी सीडी-रॉम 1999 मध्ये आली, तिच्या निर्मितीतही झिग्लर होते. त्या सीडीत फोर्साइथ हात हवेत फिरवतात आणि त्यांच्या मनातली रेघ पडद्यावर पांढरी उमटते. नर्तकाला जे फक्त जाणवतं, ते बघणाऱ्याला दिसू लागतं.

मागे पडद्यावर आधीच तयार केलेली चित्रफीत सोडायची आणि पुढे नाचायचं, याला मी नृत्य आणि तंत्रज्ञानाचा संवाद म्हणणार नाही. फितीला नर्तकी पडली काय, थांबली काय, पत्ताच नसतो. याउलट मेलबर्नच्या ‘चंकी मूव्ह’ या नृत्यसंस्थेचा 2006 चा ‘ग्लो’ आठवावा. एकटी नर्तकी जमिनीवर, वर कॅमेरा आणि प्रोजेक्टर. ती कूस बदलते तशा अंगाभोवतीच्या उजेडाच्या रेघा बदलतात. फ्रीडर वाइस यांची संगणकप्रणाली तिचा आकार क्षणोक्षणी ओळखून चित्र जागच्या जागी तयार करते.

पण प्रोजेक्टरचा उजेड अंगावर पडत असताना कॅमेऱ्याला त्यातून अंग वेगळं कसं दिसतं? युक्ती साधी आहे. रंगमंचावर अवरक्त किरण सोडायचे आणि कॅमेऱ्याला असा फिल्टर लावायचा की त्याला तेवढेच किरण दिसावेत. प्रोजेक्टरची चित्रं त्याच्या लेखी नसतातच.

खरी अडचण आहे उशिराची. सेकंदाला 30 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्येच 33 मिलिसेकंद जातात. वर संगणकाचा आणि प्रोजेक्टरचा वेळ. संथ हालचालीत हे खपून जातं. पण पाय आपटला आणि उजेड मागाहून आला, की लावणीत ढोलकीची थाप चुकावी तसं होतं. ढोलकीवाला निदान नाचणारीचा रोख आधीच हेरतो. यंत्राला ते जमेपर्यंत नर्तकीलाच त्या उशिराची सवय करून घ्यावी लागते. म्हणून अशा प्रयोगाला तालमी यंत्रासकट हव्यात, महिनोन्महिने. प्रयोगाच्या आदल्या दुपारी वायरी जोडून हे होत नाही.

नृत्याला यंत्राशी जोडण्याची ही धडपड जुनी आहे. 1965 मध्ये न्यूयॉर्कला नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’ केलं, तेव्हा मंचावर अँटेना आणि प्रकाशसंवेदक होते. नर्तक जवळून गेले की ध्वनी बदलायचा. नाचणाऱ्यांनी संगीताच्या मागे जायचं हा क्रमच तिथे उलटला.

बनशंकरीच्या शेजारी, जे. पी. नगरातल्या रंगशंकरा नाट्यगृहात 2004 पासून नाटकं होतात. तिथल्या खुर्च्यांची चढण उभी आहे, मंच प्रेक्षकांत शिरलेला आहे. जमिनीवर उजेड खेळवणाऱ्या नृत्याला हे फार सोयीचं. असा प्रयोग लागला, तर पुढची रांग सोडा आणि वरच्या रांगेत बसा. पुढून नर्तकीचा चेहरा दिसेल, पण तिच्या पायाखाली काय घडतंय ते वरूनच कळेल.