सामान्यांच्या हाती संगणकाची आज्ञावली

संगणकावरील तक्त्यात बेरजेचे सूत्र लिहिणारा शिक्षक किंवा ग्रामपंचायत कर्मचारी वस्तुतः आज्ञावलीच रचीत असतो. सूत्रातील एकच चूक सारा हिशेब बिघडवू शकते. अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ मार्गारेट बर्नेट यांनी अशा सामान्य वापरकर्त्यांच्या अडचणींचा प्रदीर्घ अभ्यास केला. सहकाऱ्यांसह त्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत न तपासलेल्या सूत्राच्या चौकटीची कड तांबडी दिसते. वापरकर्ता उत्तर पडताळून खूण करीत जातो, तसतशी ती निळी होते. कोणती तपासणी राहिली, हे रंगच सांगतो. चुका शोधण्याची साधने केवळ तज्ज्ञांपुरती नसावीत, हा विचार या संशोधनाने रुजविला. तक्ता सुबक दिसला तरी पडताळणीची जबाबदारी तो करणाऱ्यावरच राहते, हे आपणही ध्यानी ठेवावयास हवे.