वाफा आपला, बाग सर्वांची

रोजच्या जेवणात भाजी हवी. पण ज्याला जमीन नाही, विहीर नाही, त्याने भाजी कुठे पिकवावी? यावर एक उपाय आहे. तो म्हणजे सामुदायिक भाजीबाग.

गावाजवळची मोकळी जागा घ्यायची. ती ग्रामपंचायतीची असेल, तर आधी लेखी परवानगी काढायची. जागेत लहान लहान वाफे पाडायचे. एका घराला एक वाफा. पाणी, खत आणि कुंपण सर्वांचे मिळून. रासायनिक खत व विषारी औषध कोणी वापरायचे नाही, असे ठरले की ती सेंद्रिय बाग झाली.

तुम्हाला वाफा घ्यायचा आहे ना? मग आधी चार गोष्टी विचारा. वर्गणी किती? पाण्याची पाळी कधी? सामाईक कामाला कोणत्या दिवशी यायचे? वाफा पडीक ठेवला तर काय? हे सारे कागदावर लिहिलेले असावे. दुसऱ्याने वाचून दाखवले म्हणून अंगठा उठवू नका. आता तुम्हाला वाचता येते. कागद स्वतः वाचा, मग सही करा.

पहिल्या वर्षी वाफा लहानच घ्या. मेथी, पालक, कोथिंबीर लावा. मेथी महिन्याभरात काढायला येते. कडेने झेंडू लावा. वांगी, टोमॅटो आणि मिरची ही एकाच कुळातली पिके. एकाच जागी ती पाठोपाठ लावू नका. त्यांचे रोग मातीत राहतात.

आता खताचे पाहू. ओले शेण वाफ्यात टाकू नये. त्यातून हुमणी येते, मुळे खाते. शेण चांगले कुजवावे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत दाखवली. तिला नाडेप म्हणतात. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असे विटांचे टाके बांधतात. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोके ठेवतात. आत पालापाचोळा, त्यावर शेणाचे पाणी, त्यावर चाळलेली माती, असे थर देतात. वरून शेणमातीने लिंपतात. ओल टिकवली तर साडेतीन-चार महिन्यांत खत तयार होते. एका घराला एवढे टाके भरणे जड जाते. दहा घरांचा काडीकचरा एकत्र आला की ते सहज भरते.

मावा किंवा अळी दिसली तर निंबोळी अर्क करा. अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. एकूण 10 लिटर होईल इतके पाणी घाला. थोडा साबण मिसळा. ऊन उतरल्यावर फवारा.

आता मुख्य गोष्ट. आपल्या शेतात आळस केला तर पहिला तोटा आपला. इथे मात्र तो शेजाऱ्याच्याही माथी बसतो. गाजरगवताचे एक झाड फुलले की हजारो बिया पडतात. त्या वाऱ्याने चार वाफ्यांत जातात. म्हणून ते फुलण्याआधी, हात झाकून, मुळासकट उपटा. एकाने विषारी औषध मारले, तर तेही वाऱ्याने शेजारच्या मेथीवर पडते. ती मेथी कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जाते.

कधी अडचण येते. घरात बाळंतपण असते. दिवाळीच्या सुमारास कुणी ऊसतोडीला जाते. अशा वेळी वाफा तसाच सोडून जाऊ नका. जाण्याआधी बैठकीत सांगा. पाणी कोण घालील, भाजी कोण नेईल, परत आल्यावर वाफा कुणाचा, हे वहीत लिहून ठेवा. लिहिलेले असले म्हणजे मागाहून भांडण होत नाही. बाहेरगावी गेलेल्या माणसाचा वाफाही हिरवा राहतो.