ग्रंथालयात व्याख्याने कशासाठी? म्हैसूरचा दाखला

म्हैसूर : पुस्तकांची देवघेव हे ग्रंथालयाचे काम, मग कला, इतिहास आणि संस्कृती या विषयांवरील जाहीर व्याख्याने त्याने कशासाठी आयोजित करावीत, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. म्हैसूरच्या ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते.

तत्कालीन म्हैसूर संस्थानात १८९१ मध्ये ‘ओरिएंटल लायब्ररी’ या नावाने ही संस्था स्थापन झाली. तंजावर भागातील एका पंडिताने तिच्याकडे ग्रंथ लिपीतील एक ताडपत्री हस्तलिखित सुपूर्द केले. ते कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चे असल्याचे ग्रंथपाल आर. शामाशास्त्री यांनी ओळखले. तोपर्यंत हा ग्रंथ अभ्यासकांना प्रामुख्याने इतर ग्रंथांतील उल्लेखांवरूनच ठाऊक होता. शामाशास्त्री यांनी १९०९ मध्ये मूळ संस्कृत संहिता आणि १९१५ मध्ये इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रकाशित केली.

मात्र, ग्रंथ छापला गेला म्हणजे तो सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला, असे होत नाही. ‘अर्थशास्त्रा’चा रचनाकाळ कोणता, ते एकाच लेखकाचे आहे का, कौटिल्य आणि चाणक्य ही एकच व्यक्ती का, याबाबत अभ्यासकांमध्ये आजही मतभेद आहेत. दुसरीकडे, चाणक्याच्या नावाने समाजमाध्यमांवर फिरणारी अनेक वचने या ग्रंथात आढळतच नाहीत.

ग्रंथालयातील व्याख्यानाचे वेगळेपण येथे लक्षात येते. सभागृहातील श्रोत्याला वक्त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. ग्रंथालयात मात्र ‘हे कोठे लिहिले आहे?’ असे विचारून संबंधित ग्रंथ तेथेच उघडून पाहता येतो. काय सिद्ध झाले आहे आणि कशावर वाद आहे, हा फरक अशा वेळी श्रोत्याला स्वतः पारखता येतो.

ज्ञान लोकभाषेत नेण्याचे प्रयत्नही म्हैसूरमध्ये झाले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाकडे हे ग्रंथालय सोपविण्यात आले. या विद्यापीठाने प्राध्यापकांची कन्नड व्याख्याने गावोगावी आयोजित केली आणि ती छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्धही केली.

मराठी वाचकांना ही परंपरा अपरिचित नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत आणि तालुक्यांच्या गावी सार्वजनिक वाचनालये आजही व्याख्यानमाला चालवितात.

अशा उपक्रमांचे यश केवळ श्रोत्यांच्या संख्येवर मोजता येणार नाही. विषयाशी संबंधित पुस्तके व्याख्यानाच्या ठिकाणी मांडणे, प्रश्नोत्तरांसाठी पुरेसा वेळ राखणे आणि भाषणाचे टिपण जतन करणे, या तीन गोष्टी छोट्या वाचनालयालाही अल्प खर्चात साधता येतील. व्याख्यान ऐकून श्रोता पुस्तकाकडे वळला, तरच ग्रंथालयाचा हेतू सफल होईल.